सल्ला देण्याचा अधिकार

उल्हासनगरच्या सुभाष टेकडीवरचा एक विद्यार्थी मला भेटायला आला होता. बी.कॉम. झालेला. वडील अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार, आई घरी बसून जीन्स पँटींचे धागे कापणारी. मुंबईतल्या एका मोठ्या व्यवस्थापन सल्लागार कंपनीकडून त्याला मुलाखतीचे बोलावणे आले होते. ‘सर, तिथे नेमके काम काय असते?’ असे त्याने विचारले. मी त्या वेळी गुळमुळीत काहीतरी उत्तर दिले. त्याचे वडील सोबत होते. ते हसून म्हणाले, ‘सल्ला द्यायचे पैसे मिळतात होय? आपल्याला तर आजवर जो तो फुकटच सल्ला देत आला.’

हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. ह्या लेखात त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे आणि त्याच्या वडिलांच्या बोलण्याचा अर्थही शोधायचा आहे. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या नाहीत, असे मला वाटते.

धंद्याचे स्वरूप

व्यवस्थापन सल्लागार कंपनी कोणतीही वस्तू तयार करीत नाही. कारखानदार, बँक, सरकारी खाते, महानगरपालिका असे एखादे गिऱ्हाईक तिच्याकडे आपला प्रश्न घेऊन येते. नफा का घटला? माल वेळेवर का निघत नाही? नवा कारखाना कुठे काढावा? दोन कंपन्या एकत्र कराव्यात की एकीच्या दोन कराव्यात? कंपनी चार-पाच माणसांची तुकडी त्या गिऱ्हाइकाकडे पाठवते. ही तुकडी काही आठवडे किंवा काही महिने तिथे बसते, हिशेब तपासते, कामगारांपासून संचालकांपर्यंत माणसांशी बोलते, आकडे मांडते आणि शेवटी एक अहवाल सादर करते. त्या अहवालाची फी ठरलेली असते आणि ती भारी असते.

ह्या धंद्यात पायऱ्या आहेत. सर्वांत खाली विश्लेषक. नुकताच पदवी घेऊन आलेला तरुण इथे लागतो. त्याच्या वर सल्लागार. व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेला माणूस बहुधा इथून सुरुवात करतो. त्याच्या वर प्रकल्पाचा व्यवस्थापक आणि सर्वांत वर भागीदार. भागीदार गिऱ्हाईक आणतो, व्यवस्थापक काम वाटून देतो आणि विश्लेषक रात्री जागून ते पुरे करतो. मोठ्या कंपन्यांत ‘वर चढा नाहीतर बाहेर पडा’ असा रिवाज आहे. ठराविक वर्षांत वरची पायरी मिळाली नाही तर माणसाने दुसरी वाट धरावी, असे सुचवले जाते. मात्र अशी दोन-तीन वर्षे काढलेल्या माणसाला इतर कंपन्या आनंदाने घेतात. म्हणूनच ही नोकरी पुष्कळांना शाळेसारखी वाटते. पगार देणारी शाळा.

हा धंदा जन्मला कुठे?

अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत फ्रेडरिक टेलर नावाचा अभियंता होता. कामगार काम कसे करतो हे तो घड्याळ लावून पाहू लागला. बेथलेहेम पोलाद कारखान्यात 1899 च्या सुमारास एक माणूस दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाहत असे. टेलरने निवडलेल्या माणसाकडून सुमारे साडेसत्तेचाळीस टन वाहून घेतले, आणि मजुरी वाढवली 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलरवर. म्हणजे काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक. 1911 साली त्याने शास्त्रीय व्यवस्थापनावर पुस्तक लिहिले. त्याचे सार एवढेच, की कामाचे ज्ञान कामगाराच्या हातात असते. ते गोळा करून कचेरीत आणावे, त्याचे नियम करावेत आणि ते नियम हुकूम म्हणून परत कामगाराला द्यावेत. विचार करणारे वेगळे, राबणारे वेगळे.

त्याच वर्षी, ऑगस्ट 1911 मध्ये, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारात ओतकाम करणारे कामगार ह्या घड्याळाविरुद्ध काम सोडून बाहेर पडले. अमेरिकन संसदेने चौकशी समिती नेमली. पुढे 1915 साली सरकारी शस्त्रागारांत घड्याळ लावून काम मोजण्यास कायद्याने मनाई झाली. शस्त्रांच्या कारखान्याची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. अंबरनाथच्या संदर्भात तिच्याकडे परत यायचे आहे.

आजच्या अर्थाने व्यवस्थापन सल्ला देणारी मॅकिन्झी ही कंपनी 1926 साली शिकागो विद्यापीठातल्या हिशेबशास्त्राच्या एका प्राध्यापकाने काढली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप 1963 चा, बेन 1973 ची. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने उत्पादकतेचा विचार सुरू झाला. 1958 साली राष्ट्रीय उत्पादकता परिषद निघाली. 1961 साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या, तर 1965 साली मुंबई विद्यापीठात जमनालाल बजाज संस्था. 1991 नंतर परदेशी सल्लागार कंपन्यांनी मुंबई-दिल्लीत भराभर बस्तान बसवले.

मुंबईच्या गिरणीतला अनुभव

पण घड्याळाची ही विद्या मुंबईच्या कामगाराला 1991 च्या फार आधी भेटली होती. 1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर होते. मालकांना ‘कार्यक्षमता’ वाढवायची होती. म्हणजे एका कामगाराने अधिक माग, अधिक चाती सांभाळाव्यात आणि उरलेल्यांनी घरी जावे. कामगार पुढाऱ्यांनी मालकांपुढे मागण्या मांडल्या. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक वेगळाच प्रश्न विचारला: कापड खात्यात, जिथे मजुरी अधिक, तिथे अस्पृश्य कामगार का नाही? कारण उघड होते. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेले सूत स्पृश्य कामगाराला चालत नव्हते. ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमची माणसे संपात राहणार नाहीत, असे बाबासाहेबांनी बजावले. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घेतली.

ह्या प्रसंगाचा अर्थ आजच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावा. मालकांची माणसे गिरणीतला प्रत्येक मिनिट मोजत होती. धागा किती वेळा तुटतो, कांडी किती वेळात बदलते, ह्याचे कोष्टक त्यांच्यापाशी होते. पण एका संबंध समाजाला त्या खात्यात पाऊल टाकता येत नाही, आणि त्यामुळे कुशल हात वाया जातात, ही अकार्यक्षमता त्यांच्या कोष्टकात कुठेच नव्हती. मोजणाऱ्याला जे दिसत नाही ते मोजले जात नाही. जाती ही नुसती श्रमांची विभागणी नसून ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा 1936 सालचा सिद्धांत अर्थशास्त्राचा सिद्धांत आहे. कोणत्याही व्यवस्थापन महाविद्यालयात तो पहिल्या आठवड्यात शिकवायला हवा.

साक्ष आणि सल्ला

आता त्या वडिलांच्या वाक्याकडे वळू. आपल्या गावगाड्यात सल्ला देण्याचा अधिकार कुणाला होता? मुहूर्त जोशी सांगे, हिशेब कुलकर्णी सांगे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये दाखवून दिले की, शेतकऱ्याच्या नाडणुकीचे मूळ ह्या सांगणाऱ्यांच्या मक्तेदारीत होते. महाराला गावाची सगळी माहिती होती. दोन गावांच्या शिवेचा तंटा लागला की महाराला पुढे करीत. शीव कुठून जाते हे त्यानेच दाखवायचे, आणि त्याचे म्हणणे निर्णायक मानले जाई. गावचे पाणी, वाटा, सारा, येणारेजाणारे, सर्व त्याला ठाऊक. परंतु त्याच्या ज्ञानाला नाव होते साक्ष. ते सल्ला ह्या नावाने कधी ओळखले गेले नाही. साक्ष देणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो. सल्ला देणारा बैठकीवर बसतो. माहिती आमची, निष्कर्ष त्यांचा, आणि दक्षिणाही त्यांचीच.

टेलरने कारखान्यात जे केले ते जातीने गावात आधीच करून ठेवले होते. हाताचे ज्ञान काढून घ्यायचे आणि डोक्याच्या नावावर चढवायचे.

ही रेषा ओलांडण्याचा पहिला प्रयत्न स्वतः बाबासाहेबांनी केला. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते 1917 साली परतले. बडोद्याच्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळेना, शिपाई फायली लांबून टाकीत. ते मुंबईला परत आले आणि पोटासाठी त्यांनी शेअर आणि रोखे ह्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. सुरुवातीला गिऱ्हाइके आली. सल्ला देणारा माणूस अस्पृश्य आहे हे कळताच ती येईनाशी झाली. पेढी बंद करावी लागली.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. शेअरबाजारात भावनेला जागा नसते असे म्हणतात. ज्याच्या सल्ल्याने चार पैसे मिळतील त्याचा सल्ला घ्यावा, हा व्यापाराचा धर्म. तरीही नफ्यावर जातीने मात केली. दलित माणसाने काढलेली मला ठाऊक असलेली पहिली सल्लागार कंपनी ही, आणि तिचे दिवाळे हिशेब चुकल्याने निघाले नाही. पुढे नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले, तर तिथे पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्याच 1918 साली भारतातल्या लहान शेतधारणेवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. तुकडे एकत्र केल्याने शेती सुधारणार नाही, शेतीवर अडकून पडलेले जास्तीचे हात उद्योगधंद्यांत गेले पाहिजेत, असा त्याचा निष्कर्ष. व्यापाऱ्यांनी नाकारलेला सल्लागार संबंध देशाला सल्ला देत होता, आणि त्याची फी घेत नव्हता.

दाराची रचना

आजचे दार कसे आहे? राज्यघटनेने सरकारी नोकरीत आणि शिक्षणात राखीव जागा दिल्या. खाजगी कंपन्यांच्या नोकरीला त्या लागू नाहीत. व्यवस्थापन संस्थांत अनुसूचित जातींना 15 टक्के, अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आणि 2006 च्या कायद्याने इतर मागासवर्गीयांना 27 टक्के जागा आहेत. म्हणजे संस्थेच्या फाटकातून आत जाता येते. सल्लागार कंपनीचे दार त्याच आवारात, पण त्यापुढे असते आणि त्याची चाळणी वेगळी असते.

त्या चाळणीत पहिल्यांदा पाहतात दहावी, बारावी आणि पदवीचे गुण. मग शाळा-महाविद्यालयाचे नाव, आधीची नोकरी आणि अभ्यासाबाहेरचे पराक्रम. म्हणजे पंधराव्या वर्षी तुमच्या घरात अभ्यासाला कोपरा होता की नाही, ह्याचा निकाल पंचविसाव्या वर्षी पुन्हा एकदा लागतो. ज्या मुलीने दहावीच्या वर्षी आईबरोबर धागे कापले, तिचे ते कष्ट अर्जाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत. नाटक, वादविवाद, पोहणे हे रकान्यात बसते.

अमेरिकेतल्या लॉरेन रिवेरा ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2015 साली ह्यावर ‘पेडिग्री’ नावाचा ग्रंथ लिहिला. सल्लागार कंपन्या, बँका आणि वकिली कंपन्या आपल्यासारखीच माणसे निवडतात आणि त्याला गुणवत्ता म्हणतात, असे त्यांनी आतून पाहून दाखवले. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल ह्यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त नावांत. 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त निष्कर्ष आले: सवर्ण हिंदू नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुसलमान नावाला त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन ह्यांनी मोठ्या कंपन्यांच्या नोकरभरती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले की, जात विचारत नाही असे म्हणणारे अधिकारी ‘घराणे’, ‘घरचे वातावरण’ मात्र आवर्जून विचारतात. 2012 च्या एका पाहणीत देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालकांपैकी 93 टक्के सवर्ण आढळले. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. ही संचालक मंडळेच सल्लागारांची गिऱ्हाइके असतात. गिऱ्हाइकाला सल्लागार आपल्यातला वाटावा लागतो. 1917 ची पेढी का बंद पडली हे समजायला ह्याहून वेगळा खुलासा लागत नाही.

हे वाचून कुणी निराश होऊ नये. दाराची रचना समजली म्हणजे कडी कुठे आहे हे कळते.

मुलाखतीची रीत

सल्लागार कंपनीची मुलाखत इतर मुलाखतींहून निराळी असते. मुलाखत घेणारा एक प्रश्न पुढे ठेवतो आणि उमेदवाराने मोठ्याने विचार करीत तो सोडवायचा असतो. बरोबर उत्तरापेक्षा विचाराची मांडणी पाहतात. ही कुणाच्या रक्तातली हुशारी नाही. ती सवयीची गोष्ट आहे आणि शिकता येते.

एक प्रकार अंदाजाचा. अंबरनाथ स्थानकावर दिवसाला किती कप चहा खपतो? घाबरायचे कारण नाही. तुकडे पाडावेत. मानू या, चार टपऱ्या. गर्दीचे तीन तास, म्हणजे 180 मिनिटे. प्रत्येक टपरीवर मिनिटाला पाच कप. चार गुणिले 180 गुणिले पाच म्हणजे 3,600. उरलेले बारा तास, म्हणजे 720 मिनिटे, मिनिटाला एकच कप. चार गुणिले 720 म्हणजे 2,880. बेरीज 6,480, सुमारे साडेसहा हजार. मग स्वतःच शंका घ्यावी: पावसाळ्यात वाढेल काय? रविवारी घटेल काय? आकडा खरा नसला तरी वाट खरी असली पाहिजे.

दुसरा प्रकार धंद्याच्या दुखण्याचा. समजा विचारले, उल्हासनगरच्या एका जीन्स कारखानदाराचा नफा दोन वर्षांत निम्म्यावर आला आहे, का? नफा म्हणजे मिळकत वजा खर्च. मिळकत म्हणजे नगांची संख्या गुणिले भाव. खर्चात कापड, शिलाईचा नगावारी दर, धुलाई, बटण-चेन, वीज, भाडे, वाहतूक, व्याज. आता एकेक फांदी तपासायची. भाव पडला की नग घटले? घटले तर एकाच कारखान्याचे की साऱ्या बाजाराचे? खर्च वाढला तर कोणत्या फांदीवर?

पुस्तक वाचून आलेला उमेदवार इथपर्यंत येतो. सुभाष टेकडीवरचा मुलगा ह्यापुढे जाऊ शकतो. कारखानदार माल उधारीवर देतो आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात हे त्याला ठाऊक आहे. वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून धुलाईच्या कारखान्यांवर कारवाई झाली तेव्हा ते काम दूर गेले आणि वाहतुकीचा खर्च वाढला, हे त्याने पाहिले आहे. दर कमी केला की कारागीर शेजारच्या गाळ्यात जातो आणि नव्या हाताच्या शिलाईत माल परत येतो, हे त्याच्या आईने त्याला जेवताना सांगितले आहे. ह्या माहितीला आजवर साक्षीची किंमत होती. मुलाखतीच्या टेबलावर तिची नीट मांडणी केली की ती सल्ला होते. एवढे एकच वाक्य ह्या लेखातून विद्यार्थ्यांनी न्यावे.

पहिली दोन वर्षे

नोकरी लागल्यावर काय? विश्लेषकाचे बहुतेक आयुष्य दोन गोष्टींत जाते: आकड्यांचे तक्ते आणि सादरीकरणाची पाने. प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक वाक्य, त्या पानाचा निष्कर्ष सांगणारे; खाली त्याचा पुरावा. निष्कर्ष आधी, कारणे मागून. आपण शाळेत उलट शिकलेले असतो, त्यामुळे ही रीत सुरुवातीला जड जाते. काम इंग्रजीत चालते. उच्चाराची लाज सोडावी आणि वाक्य छोटे ठेवावे. छोटे वाक्य सर्वांनाच समजते.

तास मोठे असतात. रात्रीचे अकरा-बारा नेहमीचेच. बदलापूर मुंबईच्या मुख्य स्थानकापासून 68 किलोमीटर. रात्रीची शेवटची गाडी चुकली की पहाटेपर्यंत फलाट. म्हणून पहिल्या पगारापूर्वीच मुंबईत जागेचा प्रश्न उभा राहतो, आणि आडनाव विचारून जागा नाकारणारे घरमालक आजही आहेत. बडोदा संपलेले नाही.

जेवणाच्या टेबलावरचे बोलणे ही दुसरी परीक्षा. सुट्टीत कुठे गेलात, वडील काय करतात, गुण किती होते. खोटे बोलू नये आणि सगळे सांगण्याची सक्तीही मानू नये. आपली जात लपवावी की उघड करावी, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यावा; चळवळीने बाहेरून त्यावर शेरे मारू नयेत. पण एकटे राहू नये. आपल्यासारखा दुसरा कुणी त्या इमारतीत असतोच, त्याला शोधावे.

ह्या इमारतींविषयी एक नोंद. मुंबईतल्या पुष्कळ सल्लागार आणि वित्त कंपन्यांची कार्यालये लोअर परळ-महालक्ष्मीला, बंद पडलेल्या गिरण्यांच्या आवारांत उभी आहेत. ज्या रस्त्यावर ती आहेत त्याला ना. म. जोशी ह्या कामगार पुढाऱ्याचे नाव आहे; 1928 च्या संपातले हेच जोशी. ज्या कापड खात्यात आमच्या आजोबांना येऊ दिले नाही, त्याच जागेवर नातू आज ओळखपत्र दाखवून काचेच्या दारातून आत जातो. हा न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण तिथे उभे राहताना आपण कुठे उभे आहोत हे माहीत असावे.

अंबरनाथ, 2021

आता सर्वांत अवघड प्रश्न. अंबरनाथला दोन सरकारी आयुध कारखाने आहेत: आयुध निर्माणी आणि यंत्रांचे आदिनमुने तयार करणारा कारखाना. ह्या कारखान्यांतल्या कायम नोकऱ्यांनी अंबरनाथ-उल्हासनगरच्या अनेक दलित घरांत पहिली पगारी स्थिरता आणली. राखीव जागेवरची एक नोकरी म्हणजे मुलांची शाळा, पक्के घर, आणि कुणापुढे न वाकणारी मान.

आयुध निर्माणी मंडळाच्या 41 कारखान्यांचे कंपन्यांत रूपांतर करण्याचे सरकारने ठरवले तेव्हा सप्टेंबर 2020 मध्ये केपीएमजी ही सल्लागार कंपनी आणि खेतान ही वकिली कंपनी ह्यांची त्या कामी निवड झाली. कामगार संघटनांचा विरोध होता. 2021 च्या जूनमध्ये संप रोखण्यासाठी आवश्यक संरक्षण सेवा अध्यादेश निघाला. 1 ऑक्टोबर 2021 रोजी मंडळ संपले आणि सात सरकारी कंपन्या झाल्या. अंबरनाथची आयुध निर्माणी यंत्र इंडिया ह्या कंपनीत गेली, आदिनमुन्यांचा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये. एकाच गावातले दोन कारखाने दोन कंपन्यांत. कामगार सुरुवातीला दोन वर्षांसाठी प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले गेले.

रूपांतर योग्य की अयोग्य ह्यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. जुन्या मंडळाच्या कारभारावर सरकारने नेमलेल्या समित्यांनीही टीका केली होती. सरकारी कंपनीत राखीव जागा राहतात हेही खरे. परंतु कायम पदे घटून त्यांची जागा कंत्राटदाराच्या माणसांनी घेतली तर राखीव जागा कागदावर राहतात आणि माणूस बाहेर राहतो, हे आपण नगरपालिकांच्या सफाई कामात पाहिले आहे. कायम सफाई कामगार गेला, ठेकेदार आला. झाडू मात्र त्याच जातीच्या हातात राहिला. अशा ठेक्यांची शिफारस कुठल्यातरी अहवालाच्या पानावर ‘खर्चात बचत’ म्हणून लिहिलेली असते. ते पान एखाद्या विश्लेषकाने रात्री जागून तयार केलेले असते.

उद्या तो विश्लेषक सुभाष टेकडीवरचा असेल. तेव्हा त्याने काय करावे?

मला ह्याचे सोपे उत्तर ठाऊक नाही. नोकरी सोड असे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्याच्या पगारावर एक घर उभे आहे. पण काही गोष्टी त्याच्या हातात आहेत. तक्त्यात कोणते रकाने असावेत हे बहुधा विश्लेषकच सुचवतो. ठेक्याने होणाऱ्या बचतीशेजारी अपघात, आजारपण, बुडालेला भविष्यनिर्वाह निधी, वारंवार बदलणाऱ्या कामगारांमुळे बिघडणारे काम, हे खर्चही मांडता येतात. ते खोटे नाहीत, भावनिकही नाहीत; ते फक्त आजवर मोजले गेले नाहीत. भागीदार तो रकाना खोडेल. चार वेळा खोडेल, पाचव्या वेळी ठेवील. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मागणीपत्रात एक कलम घालायला लावले ते असेच नाखुषीच्या माणसांकडून. आणि अजिबात पटणार नाही असे काम आले तर ‘मला दुसऱ्या प्रकल्पावर घ्या’ असे म्हणण्याची सोय ह्या धंद्यात थोडीफार असते, ती वापरावी.

चळवळीचे काम

वाटेची माहिती थोडक्यात. बी.कॉम., अभियांत्रिकी किंवा सनदी लेखापालाच्या परीक्षेनंतर मोठ्या हिशेब-सल्लागार कंपन्यांत विश्लेषक म्हणून शिरता येते. दुसरी वाट व्यवस्थापन संस्थांची. त्यांची कॅट ही प्रवेश परीक्षा बहुधा नोव्हेंबरअखेर होते. जुन्या संस्थांची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या अनुसूचित जातींच्या कुटुंबांसाठी केंद्र सरकारची उच्च श्रेणी शिक्षण शिष्यवृत्ती आहे, पण जागा मोजक्या आहेत. प्रवेश मिळताच अर्ज करावा. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे.

आपल्या अभ्यासिका आणि बुद्धविहारांत आज स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात. ते चालावेत. त्याच खोलीत आठवड्यातून एक संध्याकाळ दोन मुलांनी समोरासमोर बसून असे प्रश्न सोडवावेत: खरवईच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना पाण्यावर किती खर्च करीत असेल? कॅम्प चारमधल्या फर्निचरवाल्याने दुसरे दुकान काढावे की नाही? ह्याला पैसे लागत नाहीत. फळा, खडू आणि टोचून प्रश्न विचारणारा एक मित्र लागतो. शिक्षकांनी आपल्या वर्गातल्या मुलांना घरच्या धंद्याचा, मजुरीचा, उधारीचा हिशेब लिहायला लावावा. जे ज्ञान ही मुले ओझे समजून दाराबाहेर ठेवून येतात, ते फळ्यावर आले पाहिजे. आणि जे आत गेले आहेत त्यांनी वर्षातून चार संध्याकाळी परत यावे.

त्या विद्यार्थ्याची मुलाखत झाली. निवड झाली नाही. त्याला चहाच्या कपांसारखाच एक प्रश्न विचारला होता आणि तो गप्प राहिला होता. उत्तर येत नव्हते म्हणून नव्हे. अंदाज सांगायचा असतो, आपला अंदाज कुणी ऐकून घेईल, हेच त्याला ठाऊक नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या आम्हांला विचारले गेले ते ‘काय पाहिलेस?’ ‘तुला काय वाटते?’ असे कुणी विचारले नव्हते.

तो पुन्हा तयारी करतो आहे. दर शनिवारी माझ्याकडे येतो. परवा त्याचे वडील सोबत आले होते. आम्ही कारखान्यातल्या माल उतरवण्याचा प्रश्न सोडवीत होतो. ते बराच वेळ ऐकत बसले आणि मग म्हणाले, ‘तसं नाही. गाडी आधी मागच्या फाटकाला लावली पाहिजे. अर्धा तास वाचतो.’ मुलाने वही उघडली, ते वाक्य लिहिले आणि विचारले, ‘का वाचतो, सांगा.’ वडील सांगू लागले.